राख, पावसाचं पाणी आणि किसनरावांचं 'व्हय'

जवळा बाजारला माझी माती तपासणीची छोटी लॅब आहे. लॅब म्हणजे दोन खोल्या, एक लांब टेबल, चार-दोन यंत्रं आणि भिंतीला टेकवलेल्या मातीच्या पिशव्या. लोक येताना अर्धा किलो माती आणतात आणि तिच्यासोबत पोतंभर गोष्टी आणतात. माती तपासून झाली की मी ती मागच्या परसात ओतून टाकतो. गोष्टी कुठं ओतणार? त्या साचत जातात. बायको म्हणते, "मातीचा रिपोर्ट एका पानाचा, अन् तुमच्या गप्पांचा दहा पानांचा!" खरं आहे तिचं. पण गेल्या वर्षभरात ज्या साचल्या त्या जरा वेगळ्या आहेत. त्यातल्या काहींवर मी हसलो, आणि घरी येऊन हसल्याचं वाईटही वाटलं.

*

सुरुवात ज्ञानोबापासून करावी लागेल. पन्नाशीचा गडी, हळदवाला, आवाज असा की फोन नसला तरी चालतो. पहिल्यांदा माती घेऊन आला तेव्हा रिपोर्ट बघून मी चाट पडलो. आमच्या भागात इतकी भरलेली माती मी बघितलीच नव्हती.

"ज्ञानोबा, ही माती कुठली?"

"रानातली."

"रानात कुठली?"

ज्ञानोबा छताकडं बघायला लागला. दोन वेळा विचारल्यावर कबूल झाला. माती उकिरड्याच्या कडेची होती!

"अरे पण काहून?"

"भाऊ, वडिलांची जमीन हाय. चार लोकांत नापास झालेली बरी दिसंल का?"

त्याला परत पाठवलं. रानात नागमोडी चाल, आठ-दहा ठिकाणची माती घे, एकत्र कर आणि मग आण, असं सांगितलं. त्यानं आणली. ती काठावरही पास नव्हती. ज्ञानोबानं कागद उलटा-सुलटा करून बघितला. मग नेहमीपेक्षा हळू आवाजात म्हणाला, "इतकी वर्सं पोत्यानं युरिया टाकून राहिलो भाऊ. अन् ही उपाशीच?"

त्या दिवशी त्याला चहा पाजला. पुढच्या गुरुवारपासून तो आमच्या बैठकीला यायला लागला.

*

बैठक म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. शेजारच्या गावातले मिलिंद सर, मी आणि येतील ते शेतकरी. सर शाळेत विज्ञान शिकवतात आणि सुटी झाली की मातीत हात घालतात. त्यांचं एकच सांगणं असतं: झाडाला खाऊ घालू नका, मातीला खाऊ घाला, ती झाडाला घालते. ज्ञानोबानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "मंग ती आमाला कवा घालणार?"

हेच सर मागच्या पावसाळ्यात एका प्रशिक्षणाला गेले आणि येताना दहा रोपं घेऊन आले. ब्लूबेरीची! मी कपाळावर हात मारला. आमच्या रिपोर्टवर सामू म्हणून एक आकडा असतो. माती आंबट की खारट-चुनखडी, ते त्यावरून कळतं. ब्लूबेरीला तो साडेचार-पाच लागतो. आमची काळी माती आठाच्या खाली यायला तयार नाही.

"सर, हे झाड आपल्या मातीत आठ दिवस टिकायचं नाही."

"म्हणून तर आणलं," सर म्हणाले. "कापूस, सोयाबीन आपल्या चुका पोटात घालतात. हे घालणार नाही. पान पिवळं करून लगेच सांगेल. भाऊ, मला पीक नकोय, मास्तर पाहिजे."

मग ठरलं की जमिनीत लावायचंच नाही. मोठ्या पिशव्यांत नारळाचा भुसा, लाकडाचा भुसा आणि कुजलेला पालापाचोळा भरायचा. पाचोळा सरांनी बुद्धविहाराच्या आवारातून आणला, पिंपळाचा. पाणी मात्र फक्त पावसाचं, कारण बोरच्या पाण्यात चुना. आता अशी जागा पाहिजे होती जिथं पत्र्यावरचं पाणी साठवता येईल, दुपारी सावली असेल आणि दिवसभर कुणीतरी लक्ष द्यायला असेल.

ज्ञानोबा म्हणाला, "आमच्या शेजारी किसनदादा हायत की. दिसभर अंगणातच असतात."

सर गेले. किसनराव खुर्चीत बसले होते. सरांनी सगळं समजावून सांगितलं आणि विचारलं, "ठेवू का दहा पिशव्या तुमच्या अंगणात?"

"व्हय," किसनराव म्हणाले.

सर खूश झाले. त्यांना तेव्हा माहीत नव्हतं, की किसनरावांना दुसरं काही म्हणताच येत नाही.

*

किसनराव म्हणजे ज्ञानोबाच्या गावात मातीच्या बाबतीतला शेवटचा शब्द. पेरणीच्या आधी लोक त्यांना रानात घेऊन जायचे. ते मूठभर माती उचलायचे, नाकाला लावायचे आणि म्हणायचे, "आज न्हाई. परवा." लोक परवा पेरायचे. ज्ञानोबा तिफण धरायला त्यांच्याकडूनच शिकला.

दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डॉक्टरांनी पुष्कळ केलं. शेवटी तोंडात एकच शब्द उरला, व्हय. भूक लागली तरी व्हय, पोट भरलं तरी व्हय. मान हलवावी तर तीही एकाच दिशेनं हलायची.

गावाला सवय व्हायला वेळ लागला. नवीन न्हावी दाढी करायला आला. त्यानं आपलं रीतीप्रमाणं विचारलं, "मिशी काढू का, आबा?"

"व्हय."

चाळीस वर्षांची मिशी दोन मिनिटांत गेली! अनसूयाबाई, म्हणजे त्यांच्या मंडळी, सैपाकघरातून बाहेर आल्या आणि दारातच खाली बसल्या. न्हावी घाबरून म्हणाला, "मावशी, मी इचारलं होतं हो!" ज्ञानोबा हा किस्सा सांगायचा तेव्हा सगळे हसायचे. मीही हसलो.

मग एकदा पिशव्या तपासायला गेलो असताना अनसूयाबाईंनी मला चहा दिला आणि उंबऱ्यावर बसल्या. चाळीस वर्षं त्यांनी नवऱ्याला विचारल्याशिवाय काही केलं नव्हतं. अजूनही प्रत्येक गोष्ट विचारायच्या, उत्तर माहीत असलं तरी.

"भाऊ, जेवतच न्हाईत बराबर. घास तोंडात ठिवून बसतात. भिताडाकडं बघतात. मला एकच जाणून घ्यायचं व्हतं. इचारलं एकदा. म्हणलं, जगायचंय का तुमाला? म्हणले, व्हय."

मी म्हणालो, "मग झालं की, मावशी."

"मंग इचारलं, मरायचंय का? ते बी व्हयच म्हणले."

मी चहा संपवला. काहीतरी बोलायला हवं होतं, पण मी पिशवीतला भुसा ओला आहे की कोरडा, ते बघायला उठलो. अजून आठवलं की स्वतःची लाज वाटते.

*

दिवाळीनंतर पहिला दणका बसला. तीन झाडांची पानं पिवळी पडली. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळाधमक. हे लोह न मिळाल्याचं लक्षण. पिशवीत लोह होतं, पण सामू वर गेला की मुळाला ते घेता येत नाही. मी पिशवीतला भुसा पाण्यात कालवून यंत्र लावलं. साडेसातच्या वर!

"मावशी, यात काय टाकलं?"

"काय न्हाई बाबा. घरची राख तेवढी. सोन्यासारखी चाळून टाकली."

चुलीची राख! वांग्याला राख, मिरचीला राख, दोडक्यावर कीड पडली तरी राख. आमच्याकडं ज्या झाडावर जीव आहे त्याला बाई राख घालते. आणि ब्लूबेरीला नेमकं तेच विष. राखेनं सामू चढतो.

मी सांगितलं. अनसूयाबाईंचं तोंड उतरलं.

"मी त्यांना इचारलं व्हतं. राख टाकू का म्हणलं. व्हय म्हणले."

खुर्चीतून किसनराव आमच्याकडं बघत होते. लकवा नसता तरी त्यांनी व्हयच म्हटलं असतं, कारण आयुष्यभर त्यांनीही तेच केलं होतं. तीन झाडं वाचली नाहीत. बाकीच्या सात पिशव्यांवरचा राखेचा थर आम्ही काढला, पावसाच्या पाण्यानं धुऊन काढलं, चिमूट-चिमूट गंधक मिसळलं. अनसूयाबाई पाणी आणून देत होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "भाऊ, चाळीस वर्सांत राखेनं कोणाचं वाईट केलं नव्हतं."

मेलेली तीन झाडं त्यांनी फेकू दिली नाहीत. ती अजून भिंतीला टेकवलेली आहेत.

*

आंबट माती पाहिजे म्हटल्यावर गावात जो-तो वैद्य झाला. एकानं चिंचेचं पाणी सुचवलं. ज्ञानोबा तर तांब्याभर ताक घेऊन आला आणि आमच्या नकळत एका पिशवीत ओतून गेला. दुसऱ्या दिवशी मुंग्या, तिसऱ्या दिवशी मांजर. चौथ्या दिवशी पिशवी आडवी! सरांनी त्याला समोर बसवून सांगितलं, की जिभेला आंबट लागतं ते सगळं मातीला तसंच लागतं असं नाही. मातीतल्या बुरशीला हळूहळू कुजणारा पाला पाहिजे, तीच मुळाच्या तोंडात घास देते.

ज्ञानोबा हिरमुसला. पण गडी जिद्दीचा. हळदीचा पाला तो दरवर्षी पेटवून द्यायचा. त्या वर्षी पेटवला नाही. निम्मा आपल्या रानात अंथरला आणि उरलेल्यातला थोडा किसनरावांच्या अंगणात आणून पिशव्यांवर पांघरला.

दोन महिन्यांनी लॅबमध्ये हजर. हातात जेवणाचा डबा. मला वाटलं भाकरी आणली. झाकण उघडलं तर ओल्या मातीत एक गांडूळ!

"ह्याचा रिपोर्ट पाहिजे," ज्ञानोबा म्हणाला.

"गांडुळाचा कसला रिपोर्ट?"

"माझ्या रानात सापडलं, भाऊ. पाल्याखाली. मी लेकरू व्हतो तवा बघितलं व्हतं, त्याच्यानंतर आज." त्याचे डोळे भरून आले होते. मी कागद घेतला आणि त्यावर 'पास' लिहून सही करून दिला. तो कागद त्यानं घरी चौकट करून लावला आहे. डबा मात्र त्याच्या बायकोनं परत घरात घेतला नाही.

*

थंडी संपता संपता सातही झाडांना कळ्या आल्या. पांढऱ्या, छोट्या घंट्यांसारख्या. अनसूयाबाई दिवसातून दहा वेळा येऊन बघायच्या. एका गुरुवारी सर, ज्ञानोबा आणि मी तिथं होतो. सर म्हणाले, "पहिल्या वर्षी फुलं खुडून टाकावी लागतील. नाहीतर झाड सगळी ताकद फळात घालवील आणि मुळं कच्ची राहतील."

"फुलं खुडायची?" अनसूयाबाईंनी पदर तोंडाला लावला. "सर, आधीच तीन गेली. माझ्या हातानं व्हणार न्हाई."

सरांचाही धीर झाला नाही. पुढच्या गुरुवारी बघू म्हणाले.

दोन दिवसांनी सकाळी ज्ञानोबाचा फोन आला. फोनची गरज नव्हती तरी आला. "भाऊ, लवकर या! दादानं समदी झाडं बरबाद केली!"

गेलो. किसनरावांनी डाव्या हातानं खुर्ची इंच-इंच सरकवत सातही पिशव्या गाठल्या होत्या. खाली पांढऱ्या फुलांचा सडा. अनसूयाबाई रडत होत्या. ज्ञानोबा म्हणत होता, "त्यांना काय समजतंय आता? लेकरावानी झालंय त्यांचं."

मी वाकून बघितलं. एकही पान फाटलं नव्हतं, एकही फांदी मोडली नव्हती. प्रत्येक फूल देठाशी नखानं, नीट खुडलेलं. हे काम एका हातानं करायला दोन-तीन तास तरी लागले असतील. तेवढ्यात सर आले, त्यांनीही बघितलं आणि हळूच म्हणाले, "ज्ञानोबा, आपण चौघं गुरुवारी बोललो ना, ते फक्त यांनीच ऐकलं."

ज्ञानोबानं टोपी काढली. अनसूयाबाई रडायच्या थांबल्या आणि नवऱ्याकडं बघत राहिल्या. त्या दिवशी किसनरावांनी दुपारी भाकरीचा दुसरा तुकडा मागून घेतला, म्हणजे ताटाकडं बोट दाखवलं. अनसूयाबाईंनी मला हे फोन करून कळवलं.

*

सगळी फुलं खुडली होती, एक घोस सोडून. सहाव्या पिशवीत, पानांच्या मागं. चुकून राहिला की मुद्दाम ठेवला, कोण सांगणार? पाडव्याच्या सुमाराला त्यात पाच फळं पिकली. निळी, वरून पांढरट धूळ असलेली. आम्हीही पाचच होतो. अनसूयाबाईंनी पितळेच्या ताटलीत पाच दाणे ठेवून प्रत्येकाच्या हातात एक-एक दिला, प्रसादासारखा.

ज्ञानोबानं तोंडात टाकला. आम्ही त्याच्याकडं बघत होतो.

"हे? एवढ्यासाठी? सर, जांभळानं काय घोडं मारलं व्हतं?"

सर हसून-हसून खोकले. किसनरावांनी मात्र दाणा आधी नाकाला लावला, मातीला लावायचे तसा. मग तोंडात ठेवला. पुष्कळ वेळ तोंडातच ठेवला.

"गोड हाय का, दादा?" ज्ञानोबानं विचारलं.

"व्हय."

"का आंबट हाय?"

"व्हय."

"आता बघा! ह्या बाबतीत दादाचं दोन्ही बराबर हाय!"

खरंच दोन्ही बरोबर होतं. आम्ही सगळे हसलो. अनसूयाबाई हसल्या नाहीत. त्या ताटली घेऊन आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

*

आता शेवटचा किस्सा. हा मी अजून कुणाला नीट सांगितलेला नाही.

ऊन असं तापलं होतं की अंगणातल्या लिंबाच्या सावलीतही चटका बसायचा. पत्र्यावरून साठवलेलं पाणी संपत आलं होतं. हौद कोरडा झाला होता. एक निळा ड्रम तेवढा निम्मा भरलेला. तो अनसूयाबाईंनी फळी ठेवून झाकला होता, पुढच्या महिन्यासाठी. पुढचा महिना याहून वाईट असतो हे सगळ्यांनाच माहीत होतं. त्यामुळं चार दिवस झाडांना वाटी-वाटी पाणी मिळत होतं.

त्या दुपारी सर, ज्ञानोबा आणि मी गेलो तर सातही झाडांनी माना टाकलेल्या. कोवळे शेंडे लोंबत होते.

मी जाणकार ना! मी म्हणालो, "मावशी, आज बोरचं द्या. एका दिवसानं मरत नाहीत. उद्या मी लॅबमधून चुना मारायला काहीतरी आणतो, ते मिसळून देत जाऊ."

ज्ञानोबानं बोरवर जाऊन बादली भरून आणली. अनसूयाबाईंनी तांब्या बुडवला. पहिल्या पिशवीपाशी वाकल्या आणि सवयीनं खुर्चीकडं तोंड करून विचारलं, "बोरचं घालू का हो?"

"न्हाई."

आम्ही तिघंही एकमेकांकडं बघायला लागलो. ज्ञानोबा कुजबुजला, आणि ज्ञानोबाचं कुजबुजणं म्हणजे अख्ख्या गल्लीला ऐकू जातं, "काय म्हणले?"

अनसूयाबाईंनी तांब्या सरळ केला. त्यांनी पुन्हा विचारलं, सावकाश, एकेक शब्द वेगळा करून. "बोरचं. पाणी. घालू का?"

"न्हाई." या वेळेला जरा मोठ्यानं. कपाळाला आठी.

अनसूयाबाईंनी तांब्या खाली ठेवला. हात पदराला पुसले. खुर्चीसमोर जमिनीवर येऊन बसल्या, आम्ही तीन परके पुरुष उभे आहोत हेही त्या विसरल्या. दोन वर्षं उत्तरावाचून राहिलेला तो प्रश्न त्यांनी नवऱ्याच्या डोळ्यांत बघून विचारला.

"मरायचंय का तुमाला?"

किसनरावांनी त्यांच्याकडं असं बघितलं, की झाडं सुकून चालली आणि ही बाई काय विचारत बसलीय!

"न्हाई!" ते ओरडले, आणि डावा हात उचलून निळ्या ड्रमकडं दाखवला.